भोपळ्यांचं बाविसावं पर्व

९ जून

प्रिय वहिनी,

सोमवारी दुपारी तुमच्या भावाच्या घरी फोन केला होता. तुम्हीच उचललात. मी "हॅलो, वहिनी" एवढंच म्हणाले, तेवढ्यात मागे काहीतरी धपकन पडलं आणि तुम्ही फोन ठेवून दिलात. पुन्हा केला, उचलला नाहीत. मंगळवारीही तेच. रागावलात का माझ्यावर? रागावला असाल तर कशावरून तेवढं सांगा. नुसतं गप्प बसू नका, त्यानं मला झोप लागत नाही.

दादांना अर्धांगाचा झटका आला तो सातव्या भागाचं रेकॉर्डिंग झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. दवाखान्यात मी दोनदा आले, पण आत सोडलं नाही. मग तुम्ही त्यांना घेऊन तुमच्या भावाकडे निघून गेल्याचं कळलं. तळमजल्यावरची खोली आहे, जिने नाहीत, हे बरंच झालं. पण जाताना एक शब्द नाही हो.

इथं आपल्या कार्टून मालिकेचं बाविसावं पर्व अर्धवट लोंबकळतंय. वीस भागांपैकी सातांत दादांचा आवाज आहे, पुढचे तेरा तसेच पडलेत. चित्रं काढणारे विचारतात, भोपळेचं तोंड हलवायचं की नाही? हेडमास्तर (म्हणजे आमचे दिग्दर्शक, दादांनीच ठेवलेलं नाव) रोज मला विचारतात, "काही कळलं का?" मी रोज सांगते, दादा येणार. कशाच्या जोरावर सांगते ते माझं मला ठाऊक.

एकवीस वर्षं त्या काचेच्या खोलीत शेजारी शेजारी उभं राहून आम्ही भांडलो, भोपळे आणि भोपळ्यांची बायको म्हणून. आता माझ्या बाजूचा माइक लावतात आणि दुसऱ्याला टोपी घालून ठेवतात. खरं काय ते लिहा.

तुमची,
पडद्यावरची वहिनी


१६ जून

प्रिय सवतबाई,

हे नाव मी तुम्हाला पहिल्या पर्वाच्या पार्टीत दिलं होतं आणि तुम्ही हातातलं सरबत सांडेपर्यंत हसला होतात. ते बदलायचं काही कारण घडलेलं नाही. मी रागावलेली नाही.

झालं असं. फोन आहे बाहेरच्या खोलीत आणि आमच्या भावाला कमी ऐकू येतं म्हणून त्याचा आवाज कायम मोठा करून ठेवलेला. हे शेजारीच खुर्चीत बसले होते. तुमचं "हॅलो" कानावर पडताच उठायला गेले. उजवा पाय तर लाकडाचा ओंडका झालाय. खुर्चीसकट खाली. तो धपकन आवाज यांचा. फोन ठेवला नसता तर काय केलं असतं? लागलं फारसं नाही, कोपर खरचटलंय. पण तुम्ही आता फोन करू नका. पत्र लिहा, पत्राला आवाज नसतो.

तब्येत सुधारतेय. डावा हात चांगला चालतो. मऊ केलेलं जेवण चमच्यानं स्वतः खातात. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून दोनदा येतात, फार गोड आहेत. आणि हो, बोलायला लागलेत. परवा मी विचारलं, चहा घेणार का? तर म्हणाले, "उतरलो असतो सरकार, पण शिडी कुठंय?" अगदी स्पष्ट, जसं तुमच्या त्या भोपळेनं म्हणावं तसं. आमचा भाऊ तर हसून हसून बेजार.

तेव्हा हेडमास्तरांना सांगा, यांची जागा कुणाला देऊ नका. थोडा धीर धरा म्हणावं.

तुम्ही जपून राहा. घसा सांभाळा.

खरी वहिनी


२२ जून

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी स्टुडिओत सगळ्यांना वाचून दाखवलं. शिडीच्या वाक्याला टाळ्या पडल्या. चहा हवा का विचारल्यावर भोपळेचं उत्तर देणारा माणूस आजारी कसला? झटका आला आणि विनोद मात्र जागच्या जागी राहिला, हे फक्त दादांनाच जमावं.

हेडमास्तरांना इतकं हसताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. त्यांनी लगेच वेळापत्रक फिरवलं. पुढच्या भागांतले माझे आणि मुलांचे प्रसंग आधी उरकून घेतोय, भोपळेचे सगळे मागे ठेवलेत. चॅनलवाल्यांना सांगितलं, आमचा माणूस बोलायला लागलाय. मीच सांगितलं. तुमचं पत्र खिशात घेऊनच गेले होते.

एकटीनं बोलणं फार विचित्र जातं, वहिनी. माझं वाक्य असतं, "अहो, आधी खाली उतरा!" आणि पुढे दादांच्या उत्तरापुरती जागा सोडून मी गप्प उभी राहते. ती गप्प राहायची वेळ मला बरोब्बर येते, कारण दादा उत्तर देण्याआधी नाकातून एक बारीक श्वास घ्यायचे. तो मी मनातल्या मनात घेते.

त्यांना सांगा, स्टुलाची गादी बदललीय. जुनी त्यांना टोचायची ना.

तुमची सवत


११ जुलै

प्रिय सवतबाई,

तुमचे हेडमास्तर परवा येऊन गेले. आधी कळवलं नाही. "नुसतं भेटायला आलो, वहिनी," असं म्हणत आत आले, पण मागे रेकॉर्डिंगवाला होता आणि त्याच्या खांद्यावर ही एवढी मोठी बॅग. मी ओळखलं. दारातूनच परत पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही. मलाही वाटत होतं, न जाणो, जमेलही.

त्यांनी खिडक्यांना रजया बांधल्या, पंखा बंद केला. माइक बाहेर काढला मात्र, हे ताठ बसले. डाव्या हातानं डोक्याकडे बोट दाखवलं, म्हणजे केस विंचर. मी विंचरले. दोन घोट पाणी प्यायले. हेडमास्तर म्हणाले, "दादा, सवयीचं काहीतरी होऊन जाऊ दे." आणि यांनी दिलं. "मी हातही लावला नव्हता!" खणखणीत. भोपळे घरातलं काहीही मोडलं की म्हणतो ना, अगदी तसं. तो रेकॉर्डिंगवाला डोळे पुसायला लागला.

मग हेडमास्तरांनी नव्या भागाचं पान पुढे केलं. वाक्य साधंच होतं, "आज भाजी मी आणतो, सरकार." यांनी पाहिलं आणि म्हणाले, "उतरलो असतो सरकार, पण शिडी कुठंय?" सगळे हसले, हेही हसले. बोट हवेत गोल फिरवलं, म्हणजे पुन्हा घेऊ. पुन्हा तेच आलं, शिडी. मी चष्म्याच्या दुकानात आयुष्यभर लोकांना अक्षरं वाचायला लावली. मला वाटलं दिसत नसेल. कोऱ्या कागदावर मोठ्ठ्या अक्षरात लिहून दिलं. पुन्हा शिडी. हेडमास्तर म्हणाले, "हरकत नाही दादा, सावकाश." चौथ्या वेळी तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर पडायच्या आधीच यांना स्वतःला कळलं की आता काय येणार आहे. तोंड मिटून घेतलं. कागद मांडीवर पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसले.

रजया मीच सोडल्या. चहा न घेताच गेले.

बाई, मी तुम्हाला खोटं लिहिलं नव्हतं. जे बोलले तेच लिहिलं होतं. फक्त तेवढंच बोलतात, हे लिहिलं नाही. चहा हवा का विचारलं तरी शिडी, पाय दुखतो का विचारलं तरी शिडी. चार-पाच वाक्यं आहेत, सगळी त्या भोपळेची. यांचं स्वतःचं एकही नाही. मला वाटलं होतं, तुम्ही लोक थोडे थांबलात तर मधल्या काळात येतील.

तुमची वहिनी


१९ जुलै

प्रिय वहिनी,

मीच ते पत्र घेऊन नाचले. मी गप्प राहिले असते तर ते दोघं तुमच्या घरी आलेच नसते आणि दादांना तो कागद पालथा घालावा लागला नसता. हेडमास्तर परत आले ते थेट त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही त्यांचा तो 'मी हातही लावला नव्हता' ऐकायला हवा होता. कधीच इतका चांगला दिला नव्हता."

मला भेटायला यायचंय. पण माझा आवाज ऐकून ते पुन्हा पडले तर, या विचारानं पाय निघत नाही. तुम्ही सांगाल तेव्हा येईन, नको म्हणालात तर येणार नाही.

इथं विशेष काही नाही. थोडं काम, थोडी तालीम. पहिले सात भाग ठरल्याप्रमाणे पुढच्या महिनाअखेरीपासून लागतील. त्यांना बघू द्याल ना? त्यांचेच आहेत.

त्या बोलणं शिकवणाऱ्या बाई काय म्हणतात?

तुमची


२ ऑगस्ट

प्रिय सवतबाई,

बाई म्हणतात, असं होतं. माणूस जे हजारदा म्हणत आलाय ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात जातं आणि तो कप्पा शाबूत राहतो. कुणाचे पाढे शिल्लक राहतात, कुणाच्या शिव्या. एक आजोबा होते म्हणे, त्यांच्याकडे फक्त "या या, बसा बसा" उरलं होतं. आमच्याकडे भोपळे उरलाय. मी विचारलं, मग यांचं स्वतःचं कुठं गेलं? त्या म्हणाल्या, आत आहे, वाट सापडत नाही. हे ऐकून बरं वाटायचं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या आठवड्यात काय झालं ते सांगते. सकाळपासून हे सारखं "मी हातही लावला नव्हता!" म्हणत होते. जेवायला दिलं की ताट सरकवायचे आणि म्हणायचे. भाऊ हसायचा, मीही हसले. मला वाटलं, आज स्वारी खुशीत आहे. दुसऱ्या दिवशी तेच, जरा मोठ्यानं. मी म्हटलं, "पुरे आता, कान किटले माझे." तिसऱ्या दिवशी तोंड पुसताना गाल हाताला गरम लागला. दाढ सुजली होती, आत पू झाला होता. दाताचे डॉक्टर म्हणाले, इतकं दुखत असताना यांनी सांगितलं कसं नाही? सांगत होते हो. तीन दिवस सांगत होते. आणि मी त्यांच्या तोंडावर हसत होते.

आता जे काही बोलतील त्यावर मी आधी सगळं अंग तपासते. कपाळ, पोट, पाय. खुशीत असतील तरी तपासते. त्यांना राग येतो. रागानं म्हणतात, "आता बघाच तुम्ही!" आणि मी पुन्हा तपासते.

एक विचारायचं होतं. भावाकडे पेपर येतो. रविवारच्या पुरवणीत फोटो आलाय. "भोपळे परतणार, नव्या आवाजात." एक बारीकसा माणूस माइकपुढे उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही हसताय. थोडं काम, थोडी तालीम, ती हीच का?

तुमची वहिनी


९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

हो, हीच.

हेडमास्तर तुमच्याकडून आले त्याच आठवड्यात आवाजाच्या चाचण्या सुरू झाल्या. मी तुम्हाला लिहिलं नाही. पत्र लिहिताना दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं.

खूप लोक आले. कुणी भोपळेला बावळट करत होता, कुणी दारुडा. एकजण तर प्रत्येक वाक्याला शिंकत होता, म्हणे विनोद वाढतो. मला ऐकवेना. मग हा आला. बसस्थानकावर गाड्या पुकारायचं काम करतो. "मी हातही लावला नव्हता" म्हणाला आणि त्यात निम्मा दादा होता. उरलेला निम्मा मी शिकवला. कुठं थांबायचं, कुठला शब्द गिळायचा, तो नाकातला श्वास कधी घ्यायचा, सगळं. हे मला कुणी करायला सांगितलं नव्हतं. हेडमास्तरांना निम्मा चालला असता.

मी नाही म्हणू शकले असते का? म्हणाले असते तर माझ्या जागीही चाचण्या झाल्या असत्या. मालिका बंद पडली तर चित्रं काढणारे, रंग भरणारे, सगळे घरी. हे सगळं खरं आहे आणि तरी ही कारणं नाहीत. खरं कारण सांगते, मग तुम्हाला काय वाटायचं ते वाटू दे. मी घरी एकटी असते. माझ्याशी कुणी भांडत नाही. तो मुलगा बरोबर बोलला की मी डोळे मिटते आणि माझ्या उजव्या बाजूला दादा उभे असतात.

माणूस चांगला आहे तो. दादांना भेटून पाया पडायचं म्हणत होता. मीच नको म्हणाले.

तुमची, म्हणवत नाही


२० ऑक्टोबर

तुमची दोन पत्रं आली होती, मधली. वाचली. उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आजही तुम्हाला काय म्हणून हाक मारू ते सुचलं नाही, म्हणून तशीच सुरुवात करतेय.

सात आठवडे चांगले गेले. दर शनिवारी मालिका लागायच्या आधी हे दाढी करवून घ्यायचे. खुर्ची टीव्हीसमोर, पाय पुसून, चष्मा घालून. भोपळे बोलायला लागला की यांचे ओठ बरोबर हलायचे. मी बाजूला बसून भोपळेकडे बघतच नव्हते, यांच्याकडे बघत होते. नवरा बोलतोय असं वाटायचं. आवाज समोरून यायचा एवढंच.

आठवा भाग लावू नये असं मी ठरवलं होतं. भावाला म्हटलं, सांगू की टीव्ही बिघडलाय. पण यांनी सकाळीच गालावर हात फिरवून दाढीची खूण केली. मला नाही म्हणता आलं नाही.

लागला. भोपळे स्वयंपाकघरात आला आणि बोलला. यांचे ओठ हलले आणि मध्येच थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग टीव्हीकडे. तुमच्या माणसानं काम चांगलं केलंय, त्यात काही वाद नाही, भावाला तर फरकही कळला नाही. पण पुढचं वाक्य झालं आणि यांनी डावा हात वर केला आणि बोट गोल फिरवलं. पुन्हा घेऊ. भोपळे पुढे बोलत राहिला. यांनी पुन्हा बोट फिरवलं. तुम्ही बोललात, "आधी खाली उतरा," त्यानं उत्तर दिलं, लोक हसल्याचा आवाज आला आणि यांचं बोट फिरतंच होतं. पुन्हा. पुन्हा. कुणी थांबेना. हात दुखायला लागला तरी खाली घेईनात. मी तो हात धरला तर माझ्या हातातही बोट फिरत होतं. जाहिराती लागल्या तेव्हा कुठं थांबलं.

मी टीव्ही बंद केला. तेव्हापासून हे एक अक्षर बोललेले नाहीत. ती चार-पाच वाक्यंही नाहीत. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, बोलणं अजिबात थांबलं तर उरलंसुरलंही जाईल.

तुम्ही या. पडले तर धरायला मी आणि भाऊ दोघं आहोत. मला दुसरं काही सुचत नाही.


६ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

मी ठरवून आले होते की स्वतःच्या आवाजात बोलायचं. पण माझा स्वतःचा आवाज तोच आहे, दुसरा मी आणू कुठून? "कसे आहात, दादा?" म्हणाले आणि त्यांनी मान वर केली. "सरकार!" म्हणाले, भोपळे बायकोला म्हणतो तसं. तुम्ही दाराशी होतात. तुमचा हात चौकटीवर गेलेला मी पाहिला.

मग त्यांनी सुरू केलं ते टाकीच्या भागातलं, भोपळे गच्चीवरच्या टाकीत अडकतो ते. किती जुना भाग तो, मला वाटलं होतं मी विसरले असेन. पण त्यांचं वाक्य आलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी थांबले असते तर ते मध्येच लटकत राहिले असते, म्हणून थांबले नाही. असं मी स्वतःला सांगतेय. खरं म्हणजे मला थांबायचंच नव्हतं. एकही शब्द अडला नाही त्यांचा. तो नाकातला श्वाससुद्धा. तुम्ही चहा घेऊन आलात, उभ्या राहिलात, कप ठेवलेत आणि बाहेर दोरीवरचे कपडे काढायला गेलात. कपडे ओले होते, वहिनी. मी निघताना पाहिलं, तुम्ही ते पुन्हा वाळत घालत होतात.

भाग संपला. शेवटी आम्ही दोघं "हुश्श" म्हणतो, तेही झालं. मग ते माझ्याकडे बघत बसले, काचेच्या खोलीत पुढचं पान उलटायची वाट बघावी तसे. माझ्याकडे पुढचं पान नव्हतं. मी म्हटलं, "दादा, तुम्हाला काय हवंय?" त्यांनी तोंड उघडलं आणि टाकीचा भाग पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

मी फार केलं की फार कमी केलं, कळत नाही. पुन्हा येऊ का?

तुमची


१४ नोव्हेंबर

प्रिय बाई,

पुन्हा येऊ नका. रागानं नाही म्हणत.

तुम्ही गेल्यावर दोन दिवस छान गेले. यांची वाक्यं परत आली, जेवले, भावाच्या पाठीवर थाप मारली. शिकवणाऱ्या बाई खूश आहेत. तुम्ही आलात म्हणून झालं, ते मी मान्य करते.

पण माझं ऐका. माझा नवरा वीस मिनिटं न अडखळता बोलला, माझ्याच घरात, आणि त्यातला एक शब्द माझ्याशी नव्हता. तसं पाहिलं तर उभ्या संसारात आम्ही वीस मिनिटं सलग कधी बोललो नसू. दिवसभर बाहेर बोलून यायचे, घरी आले की मुके. मीही दुकानात दिवसभर "वरची ओळ वाचा, खालची वाचा" करून कंटाळलेली. तुम्हाला निदान कुणीतरी लिहून द्यायचं काय बोलायचं ते. आम्हाला आमचं आम्हीच शोधायचं होतं आणि आम्ही दोघंही आळशी. पुढे बोलू, असं चाललं होतं. निवृत्त झाल्यावर बोलू.

तुमच्याशी बोलतात कारण तुमच्याकडे त्यांच्या वाक्याआधीचं वाक्य आहे. माझ्याकडे नाही. मग ते मला द्या. जुन्या भागांच्या स्क्रिप्ट असतील ना स्टुडिओत? दोन-चार भाग पाठवा. मी पाठ करीन. माझा आवाज तुमच्यासारखा नाही, पण शब्द तर तेच असतील. भोपळेची बायको होऊन का होईना, नवरा माझ्याशी बोलेल.

हसू नका. हसलात तरी पाठवा.

वहिनी


२५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हसले नाही. चार भाग पाठवतेय, त्यात टाकीचाही आहे. माझ्या वाक्यांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्यात. "अहो" थोडं ओढायचं आणि "आधी" वर जोर द्यायचा. मग गप्प राहायचं, ते श्वास घेईपर्यंत. घाई करू नका, माझीही सुरुवातीला व्हायची.

त्या बसस्थानकावरच्या माणसाला दादा व्हायला मी शिकवलं आणि आता तुम्हाला मी व्हायला शिकवतेय. तुम्ही मागितलं म्हणून पाठवलं. करा असं सांगायची मला हिंमत होत नाही आणि करू नका असंही नाही.

पर्वाचं रेकॉर्डिंग काल संपलं. तेविसाव्याला मंजुरी मिळाली. मी सही केली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून सांगतेय.

तुमची


१३ डिसेंबर

प्रिय बाई,

स्क्रिप्ट या पत्रासोबत परत पाठवतेय. एका पानावर चहाचा डाग पडलाय, माफ करा. सही केलीत ते ठीक केलंत. माणसानं काम सोडून करायचं काय?

मी आठवडाभर पाठ केलं. हे झोपले की स्वयंपाकघरात उभी राहून म्हणायचे. "अहो" ओढायचे, "आधी" वर जोर द्यायचे. भाऊ एकदा आत आला आणि तसाच मागे फिरला. त्याला वाटलं असणार, आता हिचंही गेलं.

काल दुपारी जेवणं झाल्यावर यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तुमच्या त्या बसस्थानकावरच्या माणसाला चाचणीच्या दिवशी कसं वाटलं असेल ते कळलं. म्हटलं, "अहो, आधी खाली उतरा!"

त्यांनी पाहिलं माझ्याकडे. मला वाटलं, जोर कमी पडला. पुन्हा म्हटलं आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे गप्प राहिले. श्वास आला नाही. डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. खुर्चीशेजारी स्टूल असतं, त्यावर बसले. पुढचं वाक्य येत होतं मला, सगळं पान येत होतं. म्हटलं, आता इथून जमेल, आणि सुरू केलं. "किती वेळा सांगायचं तुम्हाला..."

त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

जोरात नाही. पण ठेवला आणि मानेनं नाही म्हणाले. डोळे असे झाले होते की मी ते सांगू शकत नाही. मग त्यांचे ओठ हलायला लागले. मला वाटलं आता शिडी येईल नाहीतर सरकार येईल. ते आलं नाही. त्यांनी ते येऊ दिलं नाही, बाई, ते मला दिसत होतं. आलेलं दाबून टाकत होते आणि त्याच्या मागचं काहीतरी काढायला बघत होते. पुन्हा पुन्हा बघत होते. घशाची शीर फुगली. बाहेर आली ती नुसती हवा.

काय हवं होतं त्यांना? माझं नाव घ्यायचं होतं? बास कर म्हणायचं होतं? की पाय अवघडला होता नुसता? मला एकेक विचारून बघता आलं असतं, आता तेवढं जमतं मला. पण विचारणार कशी, तोंडावर त्यांचाच हात. आणि तो मला बाजूला करवेना.

ते थकून थांबले. हात तिथंच राहिला. आम्ही तसेच बसलो. भाऊ येऊन दिवा लावून गेला, तरी बसलो होतो.

वहिनी